झिंग्यांची टरफले आणि आईचा गुडघा

आमच्या पीएच.डी.च्या गाईडना झिंगा ओळखू यायचा तो ताटात आल्यावरच. तरी झिंग्याच्या टरफलातून निघणारे कायटोसान हाडांच्या सिमेंटमध्ये मिसळायचा विषय त्यांचाच. गुडघ्याचा नवा सांधा हाडाला पक्का बसवतात तो या सिमेंटने. कायटोसानमुळे त्यात जंतू कमी धरतील, पकडही सुधारेल, एवढे आम्हाला सिद्ध करायचे होते. मी भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावाकडच्या मासेमार घरातला, टरफले घरची, म्हणून माझी निवड झाली. माझ्या बुद्धीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

टरफले आईने पाठवली. आमच्याकडे तलावातले झिंगे मीठ-हळद चोळून वाळवतात. पोराच्या कॉलेजात माल जातोय म्हणून तिने टरफलांनाही सढळ हाताने हळद लावली. कायटोसान काढायला ती चुन्याच्याच जातीच्या कास्टिक सोड्यात टाकताच पाणी लालभडक झाले. हळदीला चुना लागला की कुंकू होते, हे गावातल्या कुठल्याही बाईने सांगितले असते. गाईडनी चष्मा कपाळावर चढवला आणि जाहीर केले की भंडाऱ्याच्या झिंग्यात खास रंगद्रव्य आहे. पुढे एका परिषदेत ते त्यावर अर्धा तास बोलले. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली, कारण मला पदवी हवी होती. त्या सिमेंटचे ठोकळे यंत्राखाली खारी बिस्किटासारखे तुटायचे, तर दोष यंत्राचा ठरला.

याच काळात आईचा गुडघा पार गेला. डॉक्टरांनी सांधा बदला म्हणून सांगितले. ती हो म्हणायची आणि तारीख पुढे ढकलायची. तिला खाली बसून मासे निवडता येईना, मग पायऱ्या उतरून तलावावर जाणेही बंद झाले. मला वाटले, घाबरते. एकदा तिने विचारले होते, "तुह्यावालं सिमिट माह्या गुडघ्यात लावतीन का, बाबू?" मी ऐटीत म्हणालो, "लावतीन ना." ती येईल-जाईल त्याला सांगत बसली आणि मीही फुगलो.

पदवी मिळाली तेव्हा पेढे घेऊन घरी गेलो. ती भिंतीला धरून उठली. "आता डॉक्टरची तारीख घे," म्हणाली. "तुह्यं सिमिट झालं ना तयार?"

आमचे ठोकळे कॉलेजच्या कपाटात पडलेत, असली वस्तू माणसात घालायच्या आधी कैक वर्षे तपासावी लागते, आणि आमची तर पहिल्याच तपासणीत नापास झालीय, हे सगळे मी एका दमात सांगून टाकले.

ती हळूच परत खाली टेकली. "मंग दोन वर्सं मी कायची वाट पाहून राहिली होती?"

मी म्हणालो, मला वाटले तू भीत होतीस. हे खरेच होते. पण मधल्या काळात तिने पुन्हा विचारले असते तरी मी खरे सांगितले नसते. गाईडना मी आजही हसतो. पण त्यांच्या थापेने कुणाचा गुडघा झिजला नाही.