गुडघ्याच्या नावाखाली हिंगोली

न्हाई, गुडघ्यासाठी न्हाई गेले मी हिंगोलीला. गुडघा ठणठणीत हाय. घरी मात्र तेच सांगितलं: गुडघा दाखवते, मग औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेते, सोबतीला दिराची सून पाहिजे. देव आन दुखणं एकदम सांगितलं की आमच्या घरात कोणी काहून म्हणून इचारत न्हाई.

सुनेला इथं सीमा म्हणू. नाव बदललंय, तिला इचारूनच लिहून राहिले. वय वीस, लग्नाला चार महिने, पोलीस भरतीसाठी रोज सकाळी पळते. सासूला हिच्याकडनं पण नातू पाहिजे, हिला वर्दी. नवरा हिच्या बाजूनं, पण गावातलं मेडिकल त्याच्या मामाचं आन घरोघर गोळ्या देणारी सरकारी आशाताई आमच्या भावकीतली. दिवस न राहायच्या गोळ्या मागायच्या कुणाला? त्यात पाळी आठ दिवस वर गेली, मैदानी परीक्षा महिन्यावर. तवा ती माझ्याकडं आली.

आमच्या गोरेगावहून जीप सकाळीच धरा. भरल्याबिगर हलत न्हाई. डायवर म्हणला, "मावशी, थोडं सरका."

"अजून सरकले तर तुझ्या मांडीवर बसंन."

"बसा की, भाडं माफ."

सीमा खिडकीतून सोयाबीन पाहत बसली. हिंगोलीत स्टँडजवळ मिरची भजे घेतले, गरम होते. तिनं एकाला पण हात लावला न्हाई.

सरकारी दवाखान्यात केसपेपरला पैसे लागत न्हाईत, लाइन लागते. खिडकीवर नाव इचारलं तर घाबरून पोरीनं माझंच नाव सांगितलं. वय पण माझंच. आत सिस्टरनं कागद पाहिला, मग मला पाहिलं.

"मावशी, दिवस राहू नये म्हणून तुमी आलात?"

"काळजी घेतलेली बरी."

सिस्टर हसली न्हाई. सीमाला तिच्या नावाचा कागद आणायला लावला आन मला म्हणली, "तुमी बाहेर बसा."

"मी तिची चुलत सासू हाय."

"म्हणूनच."

अर्धा तास बाकड्यावर बसले. सीमा बाहेर आली.

"काय?"

"न्हाई. दिवस न्हाई गेले, मोठ्या आई. तपासलं. लई पळाल्यानं पण पाळी मागंपुढं होते म्हणल्या."

पिशवीत गोळ्या होत्या. फोनवर तिनं पाहिलं होतं, गोळी खाल्ली की कायमचं लेकरू होत न्हाई. सिस्टर म्हणली, तसं काही न्हाई, बंद केली की दिवस राहतात. फुडच्या खेपेला नवऱ्याला पण आण म्हणली. हे वाचणाऱ्या बायांनो, तुमाला जायचं असलं तर जा, फक्त आपलं स्वतःचं नाव सांगा.

मग औंढा. नागनाथाचा गाभारा खाली हाय, अरुंद पायऱ्या, वाकून उतरावं लागतं. मी भराभरा उतरले तर मागून सीमा म्हणती, "मोठ्या आई, गुडघा." सकाळपासून पहिल्यांदा हसली. पेढे घेतले, घरी दाखवायला.

घरी आल्यावर जावेनं इचारलं, डॉक्टर काय म्हणले. म्हणलं, आराम सांगितला. दोन दिवस सयपाक तिनंच केला.

सीमा मैदानात पळाली. निकाल अजून यायचाय.

एक गोष्ट लिहायची न्हाई म्हणत होते. तीन वर्षांमागं सीमाच्या मोठ्या जावेनं मला हेच इचारलं होतं, हापशावर, हळूच. कॉलेजात होती ती. मी सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणलं, "हिला नवरा पाहिजे, लेकरू नको." सगळ्या हसल्या, मी जास्त. आता तिला दोन लेकरं हायेत, कॉलेज सुटलं. ते माझ्यामुळं सुटलं.