आतल्या बाजूची कडी

ठिणगीमामा अख्ख्या गल्लीचे मामा. वेल्डिंगमध्ये हात साफ, तोंड मात्र भलतंच फटकळ. पण डोंगरातल्या गुहेला फाटक करायचं काम आलं, तेव्हा एकही टोमणा न मारता ते माप घ्यायला निघाले.

त्या गुहेत दुर्मिळ वटवाघळं राहत. लोक टॉर्च घेऊन आत शिरत, गोंधळात पिल्लं छतावरून पडून मरत. वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या बाई म्हणाल्या, "आडवे गज लावा, मधे टीचभर फट ठेवा. वटवाघळं ये-जा करतील, माणूस जाणार नाही."

मामांचा थोरला भाऊ पोरवयात खेळता खेळता त्याच गुहेत शिरला होता. तो बाहेर आलाच नाही. शोधणाऱ्यांना त्याची चप्पलही सापडली नाही.

जेवताना म्हाताऱ्या आईने विचारलं, "टीचभर फटीतून माणूस बाहेर येतो का रे?"

"काहीतरीच काय विचारतेस, आई! गुपचूप जेव."

पण स्वतःचं ताट तसंच ठेवून ते उठले.

फाटक बसलं. बाई आत जाऊन ते तपासायला लागल्या आणि वाकून बघतच राहिल्या.

"मामा, बाहेर कुलूप आहे, मग आतून उघडायला ही कडी कशाला? वटवाघळं काय कडी काढणार आहेत?"

"असू दे. तुमच्या वटवाघळांचं काही अडत नाही ना?"

"नाही, पण इतकी खाली? माझ्या गुडघ्याशी?"

मामा उखडले. "मग काय डोक्यावर लावू? हात पुरायला नको? दादा अजून केवढासा आहे!"