कधीच न संपणारा पट्टा

प्रियदर्शनीला तुर्की येतं, ही बातमी आदिलाबादेत पसरवली तिच्या सासूनं. रुक्माबाईंना त्यात कौतुक काही नव्हतं. "फॉल लावता लावता मोबाइलवर त्या परक्या लोकांच्या मालिका पाह्यते. आता सुई टोचली तरी तुर्कीतच वरडते," असं त्या दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला सांगायच्या.

दुकान नवऱ्याचं, पंकजचं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल-पिको. साड्यांना फॉल लावायचं काम प्रियदर्शनीकडे. हात साडीवर, कानात तुर्की आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं, अशी तिची काही वर्षं गेली. इंग्रजीपेक्षा तुर्की तिला सोपं वाटलं, कारण त्यातही क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं. मालिकांमध्ये प्रेमाच्या शपथा फार, म्हणून न संपणाऱ्या गोष्टींचे शब्द तिला सगळ्यात आधी पाठ झाले. 'फॉरएव्हर' म्हणजे 'सोनसुझा कादार'. 'इटर्नल' म्हणजे 'एबेदी'. 'परमनंट'ला ते लोक 'दाइमी' म्हणतात हे ऐकून पंकज म्हणाला होता, "हा तं आपल्या जुन्या तहसीलातला शब्द आहे!" आणि 'एंडलेस' म्हणजे 'सोनसुझ'. हा तिचा आवडता.

त्या वर्षी भगवंतरावांनी आपल्या कापसाच्या जिनिंगसाठी तुर्कस्तानातून एक वापरलेलं यंत्र आणलं. ते बसवायला तिकडून बेकिर नावाचा मिस्त्री, त्यांच्या भाषेत 'उस्ता', आला. त्याला हिंदी येत नव्हतं आणि इंग्रजीही जेवण मागण्यापुरतंच. भगवंतराव स्वतः दुकानात आले.

"पोरी, दोन दिवसाचं काम आहे. तो काय म्हणते ते फक्त सांग."

दोन दिवसांचं काम दिवाळी होऊन गेली तरी चालूच होतं. रोज सकाळी भगवंतराव विचारायचे, "कधी होते?" बेकिर म्हणायचा, "यारन." प्रियदर्शनी सांगायची, "उद्या." मग तिच्यावरच चिडून भगवंतराव म्हणायचे, "कालही तू उद्याच म्हटलं होतं!" इकडे दुकानात लग्नसराईच्या साड्या साचल्या, आणि घरी रुक्माबाईंचं तोंड.

एकदा बेकिरनं यंत्राच्या मोठ्या चाकावरचा रुंद रबरी पट्टा थोपटला आणि म्हणाला, "सोनसुझ." यंत्राच्या पुस्तकातही त्या चित्राखाली इंग्रजीत 'एंडलेस' होतं. तिचे दोन्ही शब्द एका जागी भेटले! ती हरखून म्हणाली, "कधीच न संपणारा पट्टा आहे हा."

"म्हंजे बदलाचं कामच नाही?" भगवंतरावांनी विचारलं.

"लिहिलं तं तसंच आहे."

नंतर यंत्र बसवून मायदेशी परतताना बेकिरनं बजावलं की असा दुसरा पट्टा आणून ठेवा. तिनं तेही सांगितलं. भगवंतराव हसले. "न संपणाऱ्याले जोडीदार कायले?" तिलाही ते जरा विचित्र वाटलं. पण साड्या वाट पाहत होत्या, तिनं विषय तिथंच सोडला.

ऐन डिसेंबरात, तलमडुगु आणि नेरडीगोंड्याकडून कापसाच्या गाड्या येऊन रस्त्यापर्यंत रांग लागलेली असताना, पट्टा तुटला. भगवंतरावांचा फोन पंकजला आला. "तुझ्या बायकोचा न संपणारा पट्टा संपला! पाठव तिले!"

ती पोचली तेव्हा फिटरनं पट्टा क्लिपा मारून जोडलेला होता. यंत्र सुरू केलं की जोड फटाक करून सुटायचा. तिसऱ्यांदा सुटल्यावर भगवंतराव तिच्याकडे वळले. "तू काऊन सांगतलं असं? येत नाही तं नाही म्हणाचं!"

गाडीवाले तिला पाहून आपसात हसत होते. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. तिनं बेकिरला व्हिडिओ लावला आणि तुर्कीत विचारलं, "उस्ता, तुम्ही सोनसुझ म्हणाला होतात ना? मग हा तुटला कसा?"

बेकिर आधी गोंधळला. मग त्यानं बोटातली अंगठी काढली, कॅमेऱ्यासमोर धरली आणि तिच्या कडेवरून नख गोल गोल फिरवलं. "उजु योक," तो म्हणाला. "हिला टोक नाही."

टोक! जोड न देता अखंड वळवलेला पट्टा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. मराठीत टोक वेगळं आणि शेवट वेगळा. इंग्रजी आणि तुर्की, या दोन्ही भाषांनी दोन्हींचं ओझं एकाच शब्दावर टाकलेलं. प्रेमालाही तोच आणि रबरालाही तोच! तिला त्या भाषांचा, मालिकांचा आणि स्वतःचाही वीट आला.

"शब्द माझा चुकला," ती भगवंतरावांना म्हणाली. "पण दुसरा आणून ठेवा म्हणून तो सांगत होता, तेही मीच सांगतलं होतं. तवा तुमी हसले."

भगवंतरावांनी फिटरला टेप आणायला पाठवलं.

मग तिनं वेळ घालवला नाही. पट्ट्याचा घेर, रुंदी, जाडी, आतले कापडाचे थर, एकेक गोष्ट बेकिर सांगत गेला, फिटर टेप लावत गेला आणि ती मराठीत ओरडून सांगत गेली. या वेळी प्रत्येक शब्दाला ती बेकिरला थांबवायची. "हातानं दाखवा." तो वैतागायचा, तीही वैतागायची, पण दाखवून घ्यायची. असा पट्टा बनवणारा नागपुरात सापडला. त्याला तिनं 'एंडलेस' म्हटलंच नाही. "बिना जोड का," ती म्हणाली. त्याला लगेच कळलं.

दोन पट्टे नागपूरच्या बसनं आले, त्यातला एक कोठीत ठेवायला. यंत्र सुरू झालं, गाड्या आत सरकू लागल्या. बेकिर व्हिडिओवर होताच. कपाळ पुसत तो एक वाक्य बोलला आणि प्रियदर्शनीला हसू फुटलं.

"काय म्हणते?" भगवंतरावांनी विचारलं.

"बितमेक बिलमेयेन काम, म्हणते. ज्याले संपाचं माहीतच नाही, असं."

भगवंतराव चहा मागवायला वळले. चहा आला तो थेट तिच्या हातात. ती तो घेत असताना ते म्हणाले, यंत्राचं सगळं पुस्तक मराठीत करून दे, फिटरला वाचता आलं पाहिजे. तिनं लगेच हो म्हटलं नाही.

"लग्नसराई झाल्यावर," ती म्हणाली. "आणि फिटर माझ्याजवळ बसला पाह्यजे. पुर्जा पाह्यल्याशिवाय मी शब्द लिहिणार नाही."

संध्याकाळी दुकानात शिरताच रुक्माबाईंनी विचारलं, "झालं का तुझं तुर्कस्तान?" तिनं साचलेल्या गठ्ठ्यातली वरची हिरवी साडी ओढली आणि फॉल लावायला बसली.