हुलग्याच्या कढणातला खेकडा

आमच्या रानाला लागून ओढा आहे, पुढे तो मांजरा नदीला मिळतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या काठावर मी जितका बसलो, तितका कुणा माणसाजवळ कधी बसलो नसेन. भालकीच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं तर 'बरं हाय' म्हणून मी पुढे सटकतो. घरी अप्पा आणि मी, दोघंच. अक्का उदगीरला दिलेली. आई गेली. माझं लग्न राहूनच गेलं.

अप्पांना दमा. दवाखान्याचा पंप चालूच होता, तरी ओल्या हवेत एक वाक्य पुरं करायला त्यांना मधे थांबावं लागे. एकदा ते रानात आले तेव्हा शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बाईनं बांधावरून त्यांचा खोकला ऐकला. ते घराकडे वळल्यावर ती मला म्हणाली,

"अण्णा, खेकड्याचा रस पाजा की. आमच्या सासऱ्याचा दम त्यानंच बसला." मग स्वतःच हसली. "मी बी कुनाला सांगायलेय! लिंगायताच्या घरात खेकडा!"

मीही हसलो.

अप्पा रोज सकाळी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. त्याआधी पाणीसुद्धा घेत नाहीत. पूजा झाली की माझ्या कपाळाला विभूती लावायचे, पन्नाशीच्या माणसाला, पोरासारखी. मग मी पुढे ठेवीन ते खायचे. हे सगळं माहीत असून मी ऐन श्रावणात ओढ्यावर गेलो.

सुरुवातीला एकही सापडला नाही. मग नुसता बसून बघायला लागलो. काठाच्या काळ्या मातीत, पाण्याच्या थोडं वर बिळं असतात. तोंडाशी मातीच्या गोळ्या. गोळ्या ओल्या असल्या की मालक घरात. तो पाण्याबाहेरही जगतो, पण कल्ल्यांत ओल आहे तोवरच. म्हणून उन्हाळ्यात ओल खाली गेली की तोही तिच्यामागं खाली जातो आणि बिळाचं तोंड बुजवून पडून राहतो. एका बिळात एकटाच. दुसरा आला की नांग्यांचे आकडे उगारतो. मला हा संसार कळायला वेळ लागला नाही.

रस मी रानातल्या आखाड्यावरच, तिथल्या खोपटात करायचो. ठेचायचा, फडक्यातून गाळायचा, हुलग्याच्या कढणात उकळायचा आणि किटलीतून घरी न्यायचा. घरचं भांडं मी बाटवलं नाही, याचं तेव्हा समाधानसुद्धा वाटायचं.

"तुझ्या हाताला चव कवापासून आली रे?" अप्पा म्हणाले.

"हुलगे नवे हायत."

"दम हलका वाटायलाय. उद्याबी कर."

हलका कशानं झाला, पंपानं की रसानं, मला आजही ठाऊक नाही. मी करत राहिलो.

मग एक मादी हाताला लागली. ठेचण्याआधी उलटी केली, तर पोटाखालची रुंद झडप हलली आणि माझ्या तळहातावर पिल्लं सांडली. ज्वारीच्या कणीएवढी, पण पाय-आकड्यांसकट पुरे खेकडे. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं पाण्यावर वाहत वाढतात, असं नंतर मोबाईलवर वाचलं. आमच्या ओढ्यातल्याला तेवढं पाणी कुठलं? त्याची पिल्लं आईच्या झडपेखालीच खेकडे होतात आणि अंगात बळ येईतो तिथंच बिलगून राहतात. डाव्या तळहातावर ती चालायला लागली, आणि मला अप्पांचा तळहात दिसला.

तिला परत बिळाशी सोडलं. ती आत गेली. सांडलेली पिल्लं तोंडाशी ठेवली. काही तिच्यामागं गेली, काही पाण्यानं नेली.

घरी रिकामी किटली घेऊन आलो.

"आज कढण न्हाई?"

"न्हाई."

"कामून?"

दुसरं काही तोंडात येईना. सगळं सांगितलं. अप्पांनी सदऱ्यावरून गळ्यातलं लिंग मुठीत धरलं.

"तूबी घेतलास?"

"न्हाई, अप्पा."

"थेंबबी न्हाई?"

"न्हाई."

"म्हंजे तू शुद्ध ऱ्हायलास."

"तुमाला इचारलं असतं तर तुमी घेतलं नसतं."

"नसतंच घेतलं." त्यांना खोकला आला. तो बसल्यावर म्हणाले, "पन न्हाई म्हनायचं माझ्याकडं होतं की रे."

त्यांनी ना जंगम गुरूंना सांगितलं, ना अक्काला. मीही आजवर कुणाला बोललो नव्हतो.

आता ओढा आटलाय. बिळांची तोंडं आतून बुजलीत, वरून बघणाऱ्याला नुसती माती दिसते. अप्पांचा दमा आहे तसाच आहे. माझ्या हातचंच जेवतात, पण आधी झाकण उचलून विचारतात, "ह्यात काय हाय?"

"हुलगे, लसूण, मीठ."

माझ्या तोंडाकडे बघतात, मग घास घेतात. पूजा झाल्यावर विभूतीची वाटी माझ्याकडे सरकवतात. मी माझ्या हातानं लावतो. आरसा न बघता लावलेली, ती रोज वाकडी बसते.