गुणाजीचं वय

गुणाजी कोळी आणि मी ठाण्याच्या नगरपालिकेच्या शाळेत एकाच बाकावर होतो. दोघांचं जन्मसाल एकच. तरी ब्याऐंशी साली, सव्विसाव्या वर्षी, त्याचे सगळे केस पांढरे झाले. पस्तिशीत मोतीबिंदू आला, आवाज पिपाणीसारखा बारीक झाला. एकदा मासळीबाजारात एका बाईनं मला विचारलं, "वडील का तुमचे?" मला असला राग आला की विचारू नका. गुणाजी मात्र गंभीर तोंडानं म्हणाला, "हाव, पन माजा काय ऐकत नाय."

चेंदणी कोळीवाड्यात सगळे त्याला 'आजोबा'च म्हणत. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे खाडीचं पाणी बाधलं. नजर अधू झाल्यावर त्यानं होडी धाकट्या भावाला, चंदूला दिली आणि ओट्यावर बसून बोटांच्या अंदाजानं फाटकी जाळी सांधू लागला. लग्न केलंच नाही.

सत्त्याण्णव साली त्याच्या पायाची जखम काही केल्या भरेना, म्हणून मी त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. सोबत त्याची आई, जनाबाई. तीन-चार खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांनाच आत बोलावलं. जनाबाई बाहेर बाकावर बसून राहिली.

बाई म्हणाल्या, "शरीराच्या पेशींमध्ये डीएनए असतो. तो सारखा कुठे ना कुठे बिघडतो आणि शरीरच तो दुरुस्त करत राहतं. तुमच्यात जन्मापासून त्या दुरुस्तीतच खोट आहे. म्हणून म्हातारपण इतक्या लवकर आलं."

"म्हंजे जाली फाटतान, पन सांधनारा नाय," गुणाजी म्हणाला.

बाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं, ही खोट आई आणि बाप, दोघांकडूनही आली तरच हा रोग होतो. दोघं एका नात्यातले असले की तसं होण्याचा संभव वाढतो.

गुणाजीचं तोंड उतरलं. जनाबाई त्याच्या बापाच्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, ही त्यांच्याकडची रीत. आणि आता चंदूचं लग्नही जनाबाईच्या भावाच्या, दिवा गावच्या कुंडलिकमामाच्या मुलीशी, रंभाशी ठरत होतं. रविवारी सुपारी फुटायची होती.

"सोयरीक मोडली पायजे," जनाबाई पुढे चालत होती तेव्हा तो मला हळूच म्हणाला. "पन आयशीला कसा सांगू, तुज्या लग्नानं माजा असा झाला म्हनून?"

रविवारी मीही गेलो. सुपारीचं ताट पुढे आलं तसा गुणाजी उभा राहिला. "मामा, ही सोयरीक नको. माजा आजार बापसाकडून आलाय. चंदूतपन असल." बाप जाऊन दहा वर्षं झाली होती. सगळं त्याच्यावर ढकललं की आई सुटली, असा त्याचा बेत. शहाणा कुठला!

"बापसाकडून ना?" मामा म्हणाला. "मंग आमच्या घरान नाय तो. चंदू धडधाकट हाय, रंभापन. फोडा सुपारी."

गुणाजी कात्रीत सापडला. खरं बोलावं तर आई समोर, गप्प बसावं तर उद्या चंदूच्या पोरांच्या नशिबी हेच येण्याची भीती. तोंड उघडायचा धीर मलाही झाला नाही, हे आज कबूल करतो.

जनाबाई उठली. तिनं भावाच्या पुढ्यातलं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"दोगांचा लागते, कुंडलिक. त्याच्या बापसाचा नि माजा. आपल्या घरानपन हाय तो."

"आये, तुला कुनी सांगितला?" गुणाजी कसाबसा बोलला.

"कुनी नाय. डाक्टरनीनं मना तीन डाव इचारला, लगीन नात्यातला का म्हनून. मी दर डावाला हसून हाव बोलले. ती काय हसली नाय."

मग ती त्याच्याजवळ येऊन बसली. "आता माज्यापासून काय लपवू नको," म्हणाली, आणि सगळ्यांदेखत रडायला लागली.