आकाशपाळण्याचा दोर

शिरूरच्या बाहेर, हायवेला लागून ती बाग उघडली तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन आले होते. आत छोटी आगगाडी, टकरा देणाऱ्या मोटारी आणि मधोमध आकाशपाळणा. रविवारी पाबळकडून लोक जिपा भरभरून यायचे. मी तिकिटाच्या खिडकीवर लागले. नवरा खूश, पण माझे सासरे, आबा, मांडवगणहून आले की घुश्शात असायचे. "सून आणली ती तिकिटं फाडायला व्हय?"

एका दिवाळीत मात्र नणंदेच्या मुलीनं हट्ट धरला आणि आबा तिला घेऊन पाळण्यात बसले. ते अगदी वर गेले आणि वीज गेली. भारनियमन रोजचंच, पण त्या दिवशी जनरेटरही चालू होईना. वर रडारड सुरू झाली. एकानं तर उतरायला पाय बाहेर काढला.

मी खिडकी बंद करून धावले. "कुणी हलू नका! हातानं फिरवून सगळ्यांना उतरवतो!"

पाळणा चालवणारा म्हणाला, "ताई, एकाच बाजूचे उतरवले तर चाक गरकन फिरंल."

"मग एक खालचा, लगेच त्याच्या समोरचा."

रांगेतले गडी बोलावले, चाकाला दोर बांधला. खालचा पाळणा रिकामा केला. आता वरची बाजू जड झाली, चाक ओढ घ्यायला लागलं. "धरा! सावकाश सोडा!" मी ओरडत होते. आबांचा पाळणा हळूहळू खाली आला.

त्यांनी नात माझ्याकडे दिली, टोपी खिशात कोंबली आणि सरळ दोराला हात घातला. "सूनबाई, तू सांग. आमी वढतो."

शेवटचा माणूस उतरला तेव्हा सगळ्या बागेनं टाळ्या वाजवल्या. आबांचे तळहात सोलले होते. पुढं कितीतरी दिवस ते पारावर सांगायचे, "आमची सून सांगंल तसं चाक फिरलं!"

मी पुढं सुपरवायझर झाले. बाग अजून काही वर्षं जोरात चालली. मग लोक मौजेला पुण्याला जायला लागले, डिझेल परवडेना, आणि मालकांनी जागा प्लॉटसाठी विकली.

शेवटच्या रविवारी आबांनी मांडवगणहून दोन जिपा भरून माणसं आणली. मालक म्हणाले, "ताई, शेवटची फेरी तुम्हीच चालवा." मी कळ ओढली. एकही पाळणा रिकामा नव्हता.