तळघरातली अठरा घरं

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, एका चर्चच्या तळघरात दर शनिवारी दहा ते अकरा मराठीचा वर्ग भरायचा आणि अकरा ते बारा यूसुफकाकांचा. मराठीच्या वर्गाला पोरं सोळा. यूसुफकाकांच्या वर्गाला सात, त्यातली दोन त्यांचीच, म्हणजे धरून आणलेली.

यूसुफकाका गाड्यांचे मफलर बदलायचे. आठवडाभर गाडीखाली आडवे, त्यामुळे शनिवारी उभे राहिले की फार बोलायचे. शिकवायचे मात्र एकच विषय: त्यांचं गाव. पॅलेस्टाइनमधलं, गॅलिलीच्या डोंगरउतारावरचं. १९४८ मध्ये जवळ गोळीबार सुरू झाला, तशी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी लेबनॉनकडे चालत निघाली. दोन आठवड्यांत परतू, असं म्हणत निघाली. त्यांना परत येऊ दिलं नाही. मागाहून गावही पाडलं. यूसुफ तेव्हा पाच वर्षांचा होता.

"माझी गल्ली कुठल्याच पुस्तकात नाही," ते पोरांना सांगायचे. "सो यू बीबल आर द बुक." त्यांच्या तोंडून 'प' कधी 'प' म्हणून बाहेर पडला नाही.

पद्धत अशी, की फरशीवर खडूनं गल्ली काढायची, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ चौकोन, प्रत्येकात घराचं नाव. एकेका चौकोनात एकेक मूल. मूल म्हणजे घर. घरानं सांगायचं, माझ्यात कोण राहतं, माझ्या शेजारी कोण, समोर कोण. आता सात पोरांत अठरा घरं कशी बसवणार? काकांचा थोरला तीन घरं सांभाळायचा, इकडून तिकडे उड्या मारून घामाघूम व्हायचा आणि घरी जाताना म्हणायचा, "डॅड, आय क्विट."

शेवटी काका मराठी शिकवणाऱ्या अंजनामावशींकडे गेले. "मॅडम, मला अकरा घरं कमी पडतायत."

मावशींना वाटलं, हे रिअल इस्टेटमध्ये शिरले. "आमचं झालं हो घेऊन. मागच्याच वर्षी."

खुलासा झाला तेव्हा त्यांनी एकवार आपल्या पोरांकडे पाहिलं. एक तास शांतता मिळणार, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. "न्या की. पण बाराला मोजून परत करा."

अशी अकरा मराठी पोरं अरबी घरं झाली. सुलेखा न्हाव्याचं घर होती. ते तिच्या इतकं अंगात भिनलं, की आईनं खोली आवर म्हटल्यावर म्हणाली, "माझ्यात नऊ माणसं राहतात, कशी आवरू?" अमित आगाऊपणे बारावा आला. त्याला घर उरलं नाही, म्हणून काकांनी त्याला गल्लीच्या टोकाची पावाची भट्टी केलं. तो छाती पुढे काढून सांगायचा, "आय ॲम द बेकरी. एव्हरीबडी कम्स टू मी."

१९८८च्या मे महिन्यात गाव सुटल्याला चाळीस वर्षं झाली. त्यानिमित्त तळघरातच कार्यक्रम ठरला आणि शिकागोहून काकांची थोरली बहीण सलमा येणार असं कळलं. गाव सुटलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. गल्ली नीट पाहिलेलं घरातलं तेवढं एकच माणूस उरलं होतं. काकांची भूक गेली.

"मॅडम, चार वर्षं शिकवतोय मी," ते मावशींना म्हणाले. "ती 'चूक' म्हणाली, तर या पोरांना मी दिलं काय? एका मफलरवाल्याच्या गप्पा."

"अहो, थोरल्या बहिणी चूकच म्हणतात," मावशी म्हणाल्या. "मला दोन आहेत."

सलमाबाई कार्यक्रमाच्या तासभर आधीच आल्या. काखेत पर्स, चष्मा नाकाच्या टोकावर. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "न्हाव्याचं घर?"

सुलेखानं हात वर केला.

"तू इकडे कशी? तू पलीकडे. शिंपी? तूही पलीकडे. भट्टी?"

"आय ॲम द..." अमितनं सुरुवात केली.

"पलीकडे."

अठराच्या अठरा घरं पलीकडची निघाली. काकांच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले.

"यूसुफ, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आपण निघालो तेव्हा मी पाहिलं. भट्टी माझ्या डाव्या हाताला होती. पक्कं आठवतंय."

सलमाबाईंनी चष्मा काढला. त्या आधी हुंकारल्या, मग खुर्ची धरून हसत सुटल्या. पोरांनाही कळावं म्हणून मुद्दाम इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "तू चालत होतास का, बाळा? पायात काटा गेला म्हणून भोकाड पसरलं होतंस. माझ्या कडेवर होतास, तोंड मागे करून. माझा अख्खा खांदा शेंबडानं भिजवलास."

पोरं फरशीवर लोळायची तेवढी बाकी राहिली.

काका मात्र हसले नाहीत. ते गल्लीच्या वरच्या टोकाला गेले, पाठ फिरवली आणि उलटे चालत खाली येऊ लागले. डावीकडे बघत, ओठ हलवत. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मागे मागे येत अमितवर आदळला.

"म्हणजे घरं बरोबर?" त्यांनी विचारलं.

"एक नाही चुकलं. फक्त बाजू बदल."

मावशींनी टाळी वाजवली. "चला, सगळ्यांनी समोरच्या घरी." अठरा घरं एकदम गल्ली ओलांडायला निघाली. मधोमध न्हावी आणि शिंपी यांची डोकी एकमेकांवर आपटली.

काका गुडघे टेकून नावं पुसायला बसले. सलमाबाई शेजारी स्टूल ओढून बसल्या. आता त्या अरबीत बोलत होत्या, हळू.

"आई म्हणाली होती, मागे बघू नको, चालत राहा. मी बघितलं नाही. शेवटच्या घरातली उम्म नासिर येत होती का रे आपल्यामागे? मी तिला 'चल' म्हटलं होतं."

थोरल्या बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही विचारलं होतं. काकांनी घाई केली नाही.

"दारात बसली होती. चपलेचा पट्टा बांधत होती."

"म्हणजे निघाली होती."

"निघत होती."

सलमाबाईंनी मान हलवली. मग पलीकडे शेवटच्या चौकोनात, उम्म नासिरच्या घरी, उभ्या असलेल्या सुजाताला हाक मारली. "ए पोरी, तू उभी का? खाली बस. पट्टा बांध."